एकाच धाग्याची वीण

मागावरच्या कापडात दोन जातींचे धागे असतात. ताणा उभा ताणलेला असतो आणि बाणा त्याच्या वरून-खालून आडवा जातो. सुयांवर विणलेल्या लोकरीच्या वस्त्रात ही विभागणीच नसते. तिथे एकच धागा असतो. तो स्वतःचाच फासा करतो, त्या फाशातून स्वतःलाच ओढून घेतो आणि दुसरा फासा तयार करतो. प्रत्येक टाका खालच्या टाक्यातून आलेला असतो आणि वरच्या टाक्यामुळे टिकलेला असतो. गाठ कुठेही नसते. टाक्याचे प्रकारही म्हटले तर दोनच, सुलट आणि उलट, आणि उलट टाका म्हणजे सुलट टाक्याची पाठ. त्यामुळे प्रकार खरे तर एकच उरतो. इंग्रजीसारख्या भाषांनी मागावरच्या आणि सुयांवरच्या कामाला वेगवेगळी क्रियापदे ठेवली. मराठीने दोन्हींना 'विणणे' म्हटले, आणि त्यामुळे हा फरक सहसा लक्षात येत नाही.

फरक मात्र साधा नाही. कापड आणि धागा यांचे नाते हा भारतीय तत्त्वज्ञानातल्या सर्वांत जुन्या वादांपैकी एकाचा विषय आहे. घरात विणकाम शिकवताना आईकडून मुलीकडे नेमके काय जाते, या प्रश्नाचा धागाही त्याच वादात सापडतो.

न्याय-वैशेषिकांच्या मते कापड हे धाग्यांहून वेगळे, नव्याने उत्पन्न झालेले द्रव्य आहे. सतराव्या शतकातल्या अन्नंभट्टाच्या 'तर्कसंग्रहा'त कारणाचे तीन प्रकार शिकवताना हेच उदाहरण येते. धागे हे कापडाचे समवायी कारण, धाग्यांचा परस्परसंयोग हे असमवायी कारण, आणि माग, धोटा यांसारखी साधने हे निमित्त कारण. कापड धाग्यांत 'समवाय' म्हणजे अविभाज्य संबंधाने राहते. संयोग तुटला की कापड नष्ट होते, धागे उरतात.

सांख्यांना हे मान्य नाही. त्यांच्या सत्कार्यवादानुसार कार्य कारणात आधीपासूनच असते, ते फक्त व्यक्त होते. वाचस्पतिमिश्र 'सांख्यतत्त्वकौमुदी'त कापड धाग्यांहून भिन्न नाही असे दाखवतात आणि एक नेमकी शंका स्वतःच उभी करतात. सुटा धागा अंग झाकत नाही आणि कापड झाकते, मग दोन्ही एक कसे? उत्तरासाठी ते पालखीच्या भोयांकडे बोट दाखवतात. एकटा भोई पालखी उचलू शकत नाही, सगळे मिळून उचलतात, आणि तेवढ्यासाठी भोयांव्यतिरिक्त निराळे काही जन्माला आले असे कोणी म्हणत नाही. वेदान्ताने हाच दृष्टान्त पुढे नेला. ब्रह्मसूत्रांच्या दुसऱ्या अध्यायात घडी घातलेल्या आणि उलगडलेल्या कापडाचे उदाहरण येते. घडीत लांबी-रुंदी कळत नाही, उलगडल्यावर कळते, पण कापड तेच असते.

हे सारे दृष्टान्त मागावरच्या कापडाचे आहेत. दोन सुयांचे लोकरी विणकाम भारतात मुख्यतः युरोपीय संपर्कातून आणि वसाहतकाळात रुजले. जगातही ते फार जुने नाही. खऱ्या अर्थाने सुयांवर विणलेल्या सर्वांत जुन्या वस्तूंमध्ये इजिप्तमधले सुती मोजे येतात आणि ते साधारण अकराव्या ते चौदाव्या शतकांदरम्यानचे मानले जातात. तेव्हा जुन्या वादात ही वीण ठेवून पाहणे ही एक परीक्षाच ठरते, आणि तीत दोन्ही पक्षांची थोडी अडचण होते. नैयायिकाला संयोगासाठी किमान दोन द्रव्ये लागतात. स्वेटरमध्ये धागा एकच. धाग्याचे निरनिराळे भाग एकमेकांशी जुळतात, असे उत्तर तो देऊ शकेल. पण मग धागा आणि स्वेटर ही दोन द्रव्ये एकाच वेळी त्याच भागांत राहतात असे मानावे लागेल, आणि ते त्याला जड जाईल. वाचस्पतींच्या पालखीचे तर विचारायलाच नको. इथे भोई एकटाच आहे, आणि तो स्वतःलाच हजार जागी खांदा देतो.

विणणाऱ्यांचा कल सांख्यांकडे झुकतो. इंग्लंडमध्ये जन्मलेल्या आणि अमेरिकेत स्थायिक झालेल्या एलिझाबेथ झिमरमन (1910–1999) या विणकामावरच्या विसाव्या शतकातल्या सर्वांत प्रभावी लेखिकांपैकी एक. आपण काढलेल्या नव्या युक्तीला 'शोध' म्हणायला त्या तयार नसत. कुठल्या तरी काळी, कुठल्या तरी घरात, कुणाच्या तरी हाताला ती आधीच सापडलेली असणार, आपण फक्त उकरून काढली, असे त्यांचे म्हणणे होते आणि त्यासाठी त्यांनी इंग्रजीत एक गमतीदार शब्दही घडवला होता. सुलट टाका आणि त्याची पाठ एवढ्याच भांडवलावर चाललेल्या कलेत ही नम्रता नव्हे, वस्तुस्थिती आहे. प्रत्येक नक्षी लोकरीत अव्यक्त रूपाने असतेच.

सुयांवर विणलेल्या वस्त्राचे दुसरे वैशिष्ट्य म्हणजे ते उसवता येते. मागावरचे कापड उसवले तर तोकड्या धाग्यांचा ढीग हाती लागतो. स्वेटरचे शेवटचे टोक सोडवून ओढले की ओळीमागून ओळ सुटत जाते आणि अखेरीस जो गुंडा हाती येतो तो जवळजवळ पहिल्या दिवसाचाच असतो. लोकर महाग असण्याच्या काळात घरोघरी हे होत असे. वडिलांचा कोपरांवर विरलेला स्वेटर उसवायचा, विरलेला भाग काढून टाकायचा, उरलेल्या लोकरीत मुलाचा हातकाटी स्वेटर आणि त्यातून उरलेल्यात तान्ह्याचे मोजे. एकच लोकर तीन अंगांवरून फिरे.

उसवलेली लोकर मात्र सरळ नसते. ती नागमोडी असते, कुरळ्या केसांसारखी. ताणली की सरळ होते, सोडली की पुन्हा वळते, जणू जुने टाके तिला आठवत असतात. म्हणून तिच्या लड्या करून त्या धुतात, ओल्या असताना खाली वजन अडकवून वाळवतात किंवा किटलीच्या वाफेवर धरतात. न्यायशास्त्रात या गुणाला नाव आहे, आणि ते नाव मराठी घरात रोज उच्चारले जाते: संस्कार. 'तर्कसंग्रहा'त संस्कार तीन प्रकारचे सांगितले आहेत. पहिला वेग. दुसरी भावना, म्हणजे अनुभवाने उमटलेली आणि पुढे स्मरण घडवणारी मुद्रा. तिसरा स्थितिस्थापक, म्हणजे वाकवलेली वस्तू पूर्वीच्या स्थितीला आणणारा गुण, जो चटईसारख्या पदार्थांत दिसतो. उसवलेल्या लोकरीची नागमोड हा तिसऱ्या प्रकारचा संस्कार होय.

दुसरा प्रकार विणणाऱ्या व्यक्तीत उमटतो. मुलाने आठवडाभर विणलेली पट्टी चुकली म्हणून मोठ्यांनी उसवली तर केलेले काम डोळ्यांदेखत नाहीसे होते. मोजायला काही उरत नाही. तरी दुसऱ्यांदा तीच पट्टी निम्म्या वेळात होते. वस्त्र गेले, भावना राहिली. नैयायिक इथे ठामपणे सांगतील की भावना हा आत्म्याचा गुण आहे, हाताचा नव्हे. विणणाऱ्या बाया मात्र 'हाताला सवय लागली' असेच म्हणतात, आणि या एका मुद्द्यावर त्यांच्या बोलण्याला शास्त्राहून जास्त वजन द्यायला हरकत नाही. टाक्यांचा विचार सुरू झाला की हात अडखळतो, हा अनुभव सार्वत्रिक आहे.

एक वस्तू बदलत बदलत तीच राहते का, हा युरोपातला जुना कोडे-प्रश्नही एका विणलेल्या वस्तूवरून विचारला गेला आहे. 1741 साली प्रसिद्ध झालेल्या 'मार्टिनस स्क्रिब्लेरस' या विनोदी ग्रंथात लंडनचा कंजूष व्यापारी सर जॉन कटलर याच्या लोकरी मोज्यांची गोष्ट येते. मोलकरणीने ते रेशमाने इतक्यांदा रफू केले की शेवटी ते रेशमीच झाले. तिथे आकार टिकला आणि द्रव्य बदलले. घरातल्या उसवलेल्या स्वेटरची गोष्ट नेमकी उलटी आहे: द्रव्य टिकते, आकार बदलतो. दोन्ही प्रसंगांत न बदललेली गोष्ट एकच, कुणाचे तरी हात. कटलरच्या मोज्यांवर वाद घालणाऱ्यांनी त्या मोलकरणीकडे फारसे लक्ष दिलेले दिसत नाही.

हाताची ही विद्या पुढे कशी जाते? ऋग्वेदाच्या सहाव्या मंडलातल्या नवव्या सूक्तात एक कवी कबुली देतो की आपल्याला ताणा कळत नाही आणि बाणाही कळत नाही. लगेच त्याला दुसरा प्रश्न पडतो: बापापेक्षा वरचढ बोलू शकेल असा मुलगा कुणाचा असेल? सूक्त वैश्वानर अग्नीचे आहे आणि विणणे हे तिथे काव्यरचनेचे रूपक आहे. तरी विणकामाचे अज्ञान आणि बापाच्या पुढे उभे राहण्याचा संकोच यांची सांगड एवढ्या जुन्या काळी घातली गेली होती, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. दहाव्या मंडलात यज्ञाचे वस्त्र विणणारे म्हणून पितरच येतात.

आधुनिक तत्त्वज्ञानात गिल्बर्ट राइल यांनी 1949 च्या 'द कन्सेप्ट ऑफ माइंड' या ग्रंथात एखादी गोष्ट माहीत असणे आणि ती करता येणे यांत भेद केला. नियम मनात म्हणून मग त्यांप्रमाणे वागणे म्हणजे कौशल्य, ही समजूत त्यांनी खोडून काढली. मायकेल पोलान्यी यांनी 1966 साली आणखी पुढे जाऊन म्हटले की माणसाला जेवढे सांगता येते त्याहून अधिक ठाऊक असते. विणकाम शिकवणारीची पंचाईत ही या विधानाची उत्तम साक्ष आहे. वीस वर्षे विणणाऱ्या बाईला 'तू धागा बोटावर कसा घेतेस' असे विचारले तर तिला आधी थांबावे लागते, मग स्वतःचेच हात सावकाश हलवून पाहावे लागतात. उत्तर तिला तोंडाने देता येत नाही. तेही हातच देतात.

बसण्याची जागासुद्धा शिकवण्याचा भाग असते. समोर बसून शिकवले तर उजवे-डावे उलटते आणि मूल गोंधळते. म्हणून शिकवणारी शेजारी बसते किंवा मुलाला पुढ्यात घेऊन मागून हात धरते. डावखुऱ्या मुलाला मात्र समोरच बसवतात, म्हणजे आरशासारखे दिसते. सुरुवात ठरलेली: वीस टाके घालायचे आणि सगळ्या ओळी सुलट. पहिली पट्टी कधीच सरळ होत नाही. कडेला नकळत जादा टाका येतो किंवा धागा दुभंगून एकाचे दोन होतात, आणि वीस टाक्यांची पट्टी वर जाता जाता अठ्ठावीसची होते. मधेच टाका सुटतो आणि शिडी पडते. मूल झोपल्यावर आजी क्रोशाच्या सुईने तो टाका उचलून वर आणून ठेवते. सकाळी मुलाला वाटते की काम जमले आहे. ही फसवणूक अध्यापनशास्त्राच्या पुस्तकांत सहसा सापडत नाही, पण तिच्यावाचून फार थोडी मुले दुसरी पट्टी सुरू करतील.

नमुने छापता येतात. युरोपात एकोणिसाव्या शतकात विणकामाची पुस्तके निघाली आणि पुढे मराठी स्त्री-मासिकांनीही टाक्यांच्या आकड्यांचे रकाने छापले. त्या आकड्यांतून नक्षी मिळते. धागा किती ताणायचा हे मिळत नाही. तोच नमुना, तीच लोकर आणि त्याच नंबरच्या सुया घेऊन दोघींनी विणले तर एकीचा स्वेटर घट्ट होतो आणि दुसरीचा ढिला. ही ओढ ज्याची त्याची असते, तरी तिच्यात शिकवणारीचा अंश उतरतो. धागा उजव्या हातात धरायचा की डाव्या, हे तर जवळजवळ नेहमी पहिल्या गुरूवरून ठरते. मार्सेल मोस यांनी 1934 च्या व्याख्यानात देहाची तंत्रे म्हणून ज्यांचे वर्णन केले, चालणे, पोहणे, बसणे यांसारख्या शिकाव्या लागणाऱ्या शारीरिक रीती, त्यांतलीच ही एक.

इथे कुटुंबाचा प्रश्न सरळ समोर येतो. संस्कृतात 'तंतु' म्हणजे धागा आणि वंशही. 'संतान' आणि 'संतति' हे शब्द ताणणे या अर्थाच्या 'तन्' धातूपासून आले आहेत. मूल म्हणजे पुढे ताणला गेलेला धागा. बौद्धांनी हाच 'संतान' शब्द आत्म्याविना चालणाऱ्या चित्तक्षणांच्या प्रवाहासाठी वापरला. त्यात पुढचा क्षण मागच्यातून येतो, पण दोन्हींतून आरपार जाणारे असे काही नसते. मराठीत 'वीण' म्हणजे विणकामाची घट्ट-सैल रचना आणि वीण म्हणजे प्रजननही. पक्ष्यांच्या विणीचा हंगाम असतो. या दोन शब्दांची मुळे वेगळी आहेत, उच्चार तेवढा एक झाला. त्यावरून सिद्धान्त काढणे धाडसाचे ठरेल.

अधिक भक्कम आधार तैत्तिरीय उपनिषदाच्या शिक्षावल्लीत आहे. वर्णांच्या संधीचे सूत्र धरून तिथे अनेक जोड्या मांडल्या आहेत. एका जोडीत आचार्य हे पूर्वरूप, शिष्य हे उत्तररूप, विद्या हा त्यांचा संधी आणि प्रवचन हे जोडण्याचे साधन. तिच्या लगतच माता हे पूर्वरूप, पिता हे उत्तररूप आणि प्रजा हा संधी. विद्या आणि अपत्य एकाच साच्यात बसवली आहेत, पण एकमेकांत मिसळलेली नाहीत. पुढे याच वल्लीत निरोप घेणाऱ्या शिष्याला प्रजेचा तंतू तोडू नकोस असे आचार्य सांगतो. म्हणजे वंशाची आठवण करून देण्याचे कामही गुरूच्या तोंडी आहे. घरात विणकाम शिकवले जाते तेव्हा हे दोन संधी एकाच जागी येतात. आचार्य आणि माता ही एकच व्यक्ती असते.

एकच असायला हवी असे मात्र नाही. विणकाम सासूकडून सुनेकडे जाते, शेजारणीकडून जाते, शाळेतल्या कार्यानुभवाच्या तासाला जाते. रक्ताचे नाते नसेल तर हात उतरत नाही, असे कधी दिसलेले नाही. ते बायकांचेच काम आहे हेही खरे नव्हे. पेरू देशातल्या टिटिकाका सरोवरातल्या ताकिले बेटावर टोप्या पुरुष विणतात आणि मुलगे लहानपणीच सुया हाती घेतात. बायका मागावर बसतात. युनेस्कोने 2005 साली या बेटाच्या वस्त्रकलेला मानवतेच्या अमूर्त वारशाचा दर्जा दिला. यावरून एवढे म्हणता येते की विद्या कुटुंबाच्या आधाराने चालते असे आपण समजतो, पण बऱ्याचदा कुटुंबच विद्येच्या आधाराने उभे राहते. सून घरची होते ती कागदावर लग्नाच्या दिवशी. तिच्या हाताला त्या घरची बाळंतविड्याची झबली, टोपडी, मोजे येऊ लागतात तेव्हा ती खऱ्या अर्थाने घरची झालेली असते.

हात ओळखता येतो का? आयरिश नाटककार जे. एम. सिंग यांच्या 'रायडर्स टू द सी' या 1904 साली डब्लिनमध्ये रंगमंचावर आलेल्या एकांकिकेत समुद्रात बुडालेल्या भावाची ओळख त्याच्या मोज्यावरून पटते. बहीण टाके मोजते आणि विणताना तिच्या हातून सुटलेले टाके तिला त्यात सापडतात. पुढे आयर्लंडच्या किनाऱ्यावर प्रत्येक घराण्याची ठरलेली स्वेटर-नक्षी असे आणि बुडालेल्यांना तिच्यावरून ओळखत, अशी दंतकथा स्वेटरांच्या व्यापाराबरोबर पसरली. तिला आधार नाही. नाटकातली गोष्ट त्या दंतकथेपेक्षा खरी आहे. नक्षी कुणीही उचलू शकते. ओळख पटली ती चुकीवरून, आणि ती चूक त्या एका मोज्यात त्या एका संध्याकाळी झालेली होती.

ख्रिस्ती परंपरेत विणणारी आई ही भक्तीचाच विषय झाली. चौदाव्या शतकापासून इटली आणि जर्मनीतल्या काही चित्रांत मरियम सुया घेऊन बसलेली दिसते. त्यांतले सर्वांत प्रसिद्ध चित्र हॅम्बुर्गच्या कुन्स्टहालेत असलेल्या, सुमारे 1400 सालच्या बुक्स्टेहुडे वेदीवरचे, मास्टर बर्ट्राम यांच्या नावाचे. मरियम चार सुयांवर गोलाकार अंगरखा विणते आहे, काम गळ्यापर्यंत आले आहे, बाळ येशू पुस्तक उघडून जमिनीवर पडला आहे आणि दारातून देवदूत क्रूस आणि भाला घेऊन आले आहेत. योहानाच्या शुभवर्तमानात क्रूसावरच्या येशूच्या अंगरख्याला शिवण नव्हती म्हणून शिपायांनी तो फाडला नाही, चिठ्ठ्या टाकल्या. आईने बालपणी विणलेला तोच अंगरखा मुलाबरोबर वाढत गेला, अशी लोककथा मध्ययुगात रूढ होती. वाढत्या अंगाच्या मापाची चिंता प्रत्येक विणणाऱ्या आईला असते. म्हणून ती दोन बोटे जास्तच विणते. या आईला ज्या शरीरासाठी माप घ्यायचे होते ते दारात उभ्या असलेल्यांना ठाऊक होते. मराठी घरांत जन्माआधी बाळाचे कपडे तयार ठेवणे अनेकजण टाळतात. त्यामागची भीती आणि या चित्रातले देवदूत एकमेकांना ओळखतील.

कौषीतकी उपनिषदात पित्याने मुलाला सर्वस्व सोपवण्याचा एक विधी आहे. मरणोन्मुख पिता मुलाला जवळ बोलावतो आणि आपली इंद्रिये त्याच्या इंद्रियांना स्पर्श करून एकेक गोष्ट देतो: वाणी, प्राण, दृष्टी, श्रवण, कर्मे. मुलगा प्रत्येक वेळी ती आपल्यात घेतल्याचे सांगतो. बृहदारण्यकातही असाच संप्रत्तीचा विधी आहे, पण स्पर्शाचा तपशील कौषीतकीत ठसठशीत आहे. हात हातावर ठेवल्याशिवाय कर्म पुढे जात नाही, ही समजूत त्यात गृहीत आहे. मागून मुलाचे हात धरून पहिला टाका घालून देणारी आजी याच्याहून फार वेगळे काही करत नाही.

ते उपनिषद एक अवघड शक्यताही विसरलेले नाही. सगळे देऊन झाल्यावर पिता बरा झाला तर? मग त्याने मुलाच्या सत्तेखाली राहावे किंवा परिव्राजक होऊन निघून जावे, असे तिथे सांगितले आहे. सांधे धरल्यामुळे ज्यांचे विणणे थांबते त्या बायकांना निघून जाणे सहसा शक्य नसते. त्या पहिला पर्याय घेतात. नव्या लोकरीची लडी दोन्ही मनगटांवर घालून त्या हात पुढे करून बसतात, आणि समोरची नात गुंडा करू लागली की एकदा डावा, एकदा उजवा असा हात थोडा कलता करतात, म्हणजे धागा अडकत नाही.